जुनं कपाट, वेताच्या खुर्च्या, झोपाळा, संखेड्याचा सेट: घेण्याआधी काय तपासावं? (बडोदा)

वाडीकर

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातला एक जुना वाडा रिकामा होतोय, तिथलं लाकडी सामान विकायला काढलंय. शनिवारी बघायला जायचंय. यादी अशी:

दोन दारांचं कपाट, साडेसहा फूट उंच, पावणेचार फूट रुंद, खाली दोन खण. मालक म्हणतात शिसवी आहे, मध्यस्थ म्हणतो वलसाडी साग.
जेवणाच्या टेबलाच्या सहा खुर्च्या, बैठकीला वेताची जाळी.
झोपाळा, फळी पाच फूट बाय दोन फूट, जाडी दीड इंच, पितळी कड्यांसकट.
संखेड्याचा (म्हणजे संखेडा गावचा, लाखेचं रंगकाम केलेला कातीव लाकडी) सोफा, दोन खुर्च्या आणि तिवई, लाल-सोनेरी. हा सेट वाड्यातला नाही. मध्यस्थाने अकोट्याच्या एका बंगल्यातून आणून तिथे ठेवलाय.

संखेडा सोडून सगळ्यावर नुकतंच पॉलिश मारलंय, चकाचक दिसतंय. मध्यस्थाला काहीही विचारलं तरी "जूनुं सागनुं छे, कशुं नहीं थाय" (जुन्या सागाचं आहे, काही होणार नाही) एवढंच उत्तर. आमचा सुतार रविवारशिवाय मोकळा नाही आणि मालकांना शनिवारीच हो-नाही हवंय. हातात दीड तास असेल. सुरुवात कुठून करू? काय दिसलं तर सरळ परत फिरावं, आणि काय दुरुस्त होण्यासारखं असतं?

रंधा_पटाशी

विकायच्या आठवड्यात मारलेलं पॉलिश लाकडासाठी नसतं, गिऱ्हाइकासाठी असतं. तेव्हा समोरून बघण्यात वेळ घालवू नका. पॉलिशवाल्याचा बोळा जिथे पोचत नाही तिथे बघा: तळ, पाठ, खणांची खालची बाजू, कपाटाचं डोकं, पायांची आतली बाजू. सोबत टॉर्च, दाभण, टेप, लोहचुंबक, लहान आरसा आणि एक काळा कागद न्या. कपाट रिकामं करून भिंतीपासून हातभर पुढे ओढायला सांगा. "जड आहे, हलत नाही" असं उत्तर आलं तर पाठीमागे काहीतरी आहे असं धरून चाला.

बडोद्यात पहिली तपासणी किडीची नाही, पाण्याची. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत विश्वामित्री नदीचं पाणी अकोटा, समा, कारेलीबाग, वडसर या बाजूंच्या तळमजल्यांत शिरलं होतं. त्यातलं बरंच सामान वाळवून, पॉलिश करून बाजारात फिरतंय. वस्तू आज जिथे उभी आहे तिथेच ती आयुष्यभर होती असं नाही, म्हणून वाड्यातल्या सामानालाही हीच तपासणी लावा.

कपाटाच्या पाठीच्या फळीवर आतून टॉर्च आडवा धरा. पुराची खूण म्हणजे एक सरळ आडवी रेषा, खाली गडद, वर फिकट, आणि ती दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर त्याच उंचीला पुढे जाते. छताच्या गळतीचा डाग वेगळा, तो वरून खाली ओघळतो आणि एकाच कोपऱ्यात असतो. मग किल्लीच्या भोकात, बिजागरीच्या खाचेत, खणाच्या मागच्या कोपऱ्यात दाभण फिरवा. बारीक करडा गाळ निघाला की वादच मिटला. वरून पुसलेला गाळ खाचांतून निघत नाही. स्क्रू आणि खिळेही बघा: एका उंचीच्या खालचे सगळे गंजलेले आणि वरचे ठीक, असं असेल तर तेच. सागात टॅनिन असतं, ओलाव्यात लोखंडाशी त्याची क्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो. खिळ्याभोवती बारीक काळं कडं हे नुसतं वय आहे. पण खिळ्यापासून बोटभर लांब गेलेले काळे पट्टे म्हणजे लाकूड बरेच दिवस ओलं होतं.

आता याने बिघडतं काय? चार दिवस पाण्यात राहून सागाच्या गाभ्याला फारसं काही होत नाही. होतं ते सांध्यांना. जुनं काम सरसाने, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गोंदाने, जोडलेलं असतं आणि सरस पाण्यात सुटतो. पाणी ओसरल्यावर कपाट उभं दिसतं, पण कुसू (सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक) नुसत्या घर्षणावर अडकलेलं असतं. प्लायची पाठ असेल तर तिचे पदर कडेला सुटतात. सांधे उघडून, जुना सरस गरम पाण्याने धुऊन पुन्हा चिकटवता येतात. म्हणून पुराचं पाणी लागलंय एवढ्यावर परत फिरू नका, भाव मात्र त्या हिशेबाने करा.

परत फिरायचं ते कुजलेल्या पायांवर. पायाच्या तळाशी, आतल्या बाजूला दाभण तिरकं घुसवून वर उचकटा (मालकांना विचारून). चांगलं लाकूड कट्कन आवाज करत लांब चिपटी सोडतं. कुजलेलं आवाज न करता आखूड तुकड्यांत तुटतं. कधी कुजका भाग आधीच कापून टाकलेला असतो. ते उंचीवरून कळतं: जेवणाच्या खुर्चीची बैठक १७ ते १८ इंचांवर असते, टेबल २९ ते ३० इंच. बैठक साडेपंधरावर आली असेल तर पायांची करवतीशी गाठ पडलेली आहे. खरादी (लेथवर कातलेला) पाय असेल तर शेवटचं कडं अर्धवट कापलेलं दिसतं.

साग की शिसवी या वादात फार अडकू नका. खण पूर्ण बाहेर काढा, त्याच्या दर्शनी फळीच्या मागच्या बाजूला बघा. शिसवी जांभळट तपकिरी, काळ्या रेषांची, आणि तो रंग आरपार असतो. नखाएवढ्या जागेत पातीने खरवडलं आणि खाली पिवळसर फिकट लाकूड निघालं तर वरचा रंग आहे, बहुधा आंबा किंवा तसलंच काही. साग खरवडल्यावर कातड्यासारखा वास येतो, बोटाला किंचित तेलकट लागतो, आणि आडव्या कापात वर्तुळांच्या कडेने मोठ्या छिद्रांची ओळ नुसत्या डोळ्यांना दिसते. दर्शनी बाजू शिसवी, चौकट साग, खणाचा तळ आंबा असं मिश्रणही निघेल. ती फसवणूक समजू नका, जुने कारागीरही महाग लाकूड दिसेल तिथेच लावत.

सांध्यांसाठी दोन्ही दारं उघडून कपाटाचा वरचा कोपरा कर्णाच्या दिशेने हलका ढकला. चौकट समांतरभुज होऊन परत येत असेल तर सरस गेलाय. दार उघडताना खाली बसत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा. ते भोकात सैल असतील तर दोन खुंट्या ठोकून काम होतं. बिजागरीच्या मागची उभी पट्टीच उभी चिरली असेल तर ती बदलावी लागते, आणि जुन्या जाडीचा साग मिळवणं हे खरं खर्चाचं कलम आहे.

नवापुरा_जी

एवढं सगळं कशाला? लाकडात टाचणीएवढी भोकं दिसली की सोडून द्यायचं. घरातल्या बाकीच्या लाकडाला लागण होते.

रंधा_पटाशी

नवापुरा_जी, तसं केलं तर बडोद्यातलं निम्मं जुनं सामान सोडावं लागेल. भोकं कसली आहेत ते आधी बघू.

एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि खाली इतकं बारीक पीठ की बोटात चोळलं तर कण लागत नाही, हा पावडर किडा. तो लाकडातल्या स्टार्चवर जगतो, म्हणून सालीलगतच्या पांढऱ्या भागात राहतो. सागाचा तपकिरी गाभा तो खात नाही. भोकं फळीच्या एका फिकट कडेपुरतीच असतील तर नुकसान त्या पट्टीएवढं. पण आंबा किंवा सावर यांसारख्या लाकडात तो फळीभर पसरतो. तिथे माझंही मत सोडून देण्याचंच.

खसखशीएवढे कोरडे दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ही जास्त वाईट, कारण तिला जमीन लागत नाही, पूर्ण वसाहत त्या लाकडातच असते. आणि मातीच्या नळ्या, आत मातीने भरलेल्या पोकळ्या म्हणजे जमिनीतली उधई (तीही वाळवीच). सामान जमिनीपासून तुटलं आणि कोरडं झालं की ती मरते, पण खाल्लेलं लाकूड परत येत नाही. अशा वेळी वस्तूपेक्षा वाड्याच्या भिंतींची काळजी जास्त.

कीड जिवंत आहे का हे शनिवारी दीड तासात खात्रीने कळणार नाही, पण अंदाज येतो. ताज्या भोकाची कड धारदार आणि आतलं लाकूड फिकट असतं. जुन्या भोकाच्या कडेवर पॉलिश किंवा धूळ बसलेली असते. नव्या पॉलिशच्या थराला आरपार छेदून गेलेलं भोक सापडलं तर शंकाच नको, ते पॉलिशनंतरचं आहे. फळीखाली काळा कागद धरून लाकडी मुठीने टकटक करा: मलईच्या रंगाचं पीठ ताजं, करडं झालेलं जुनं. टकटक करताना आवाजही ऐका. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं.

भोकं लांबीने (पुट्टीने) बुजवलेली असतात हे विसरू नका. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका धरा. चॉक पावडर, गेरू आणि फेव्हिकॉलच्या लांबीला रेषा नसतात, त्यामुळे लाकडाची नैसर्गिक रेघ मध्येच तुटलेली दिसते. हाताएवढ्या जागेत असे वीसेक ठिपके दिसले तर आत काय आहे याची कल्पना करा.

खराद_आणि_लाख

संखेड्याच्या सेटला वरचे काही नियम लावू नका, उलट नुकसान होईल.

पहिलं म्हणजे पॉलिश ओळखायला बरेच जण स्पिरिटचा बोळा लावून बघतात. कपाटावर, आतल्या कोपऱ्यात, ते ठीक आहे: लाखेचं फ्रेंच पॉलिश असेल तर अर्ध्या मिनिटात चिकट होतं, मेलामाइन किंवा पीयू (आजकालची कृत्रिम पॉलिशं) असेल तर काहीच होत नाही. संखेड्याचं सगळं कामच लाखेचं. स्पिरिट लावलं की रंग बोळ्यावर येतो आणि तो डाग घरी दुरुस्त होत नाही.

या कामात सोनं कुठेच नसतं. सागाचे भाग खरादावर कातून, रंगवून, त्यावर कथलाच्या रंगाने नक्षी काढतात. ती चंदेरी असते. वर लाखेचा पारदर्शक थर चढला की ती सोनेरी दिसते, मग अकीकाने घासून चकाकी आणतात. याचा तपासणीत फार उपयोग होतो. हाताच्या दांड्या, बैठकीची पुढची दांडी, जिथे अंग सतत घासतं तिथे नक्षी सोनेरीची चंदेरी झाली असेल तर वरची लाख झिजली आहे. थोडी झीज जुन्या सेटला असतेच. चंदेरी भागही खरवडलेले दिसू लागले तर मात्र आतल्या थरापर्यंत गेलंय.

डब्यातल्या सोनेरी रंगाने केलेली डागडुजी ओळखायची तर कडी बघा. खरादावर फिरताना लावलेल्या रंगाची कड कापल्यासारखी असते. ब्रशने केलेल्या कामात रंग एका कड्यातून दुसऱ्यात घसरतो, केसांचे ओरखडे दिसतात, चकाकी मंद असते.

सेट अकोट्याच्या बंगल्यातून आलाय म्हणताय, तर पायांची खालची तीन-चार कडी सगळ्यात आधी. पाण्यात राहिलेली लाख दुधाळ पांढरी पडते आणि कड्यांच्या खाचांतून पापुद्रे सुटतात, कारण खालचं अस्तर फुगतं. बोटाने हलकं दाबा, तडतड आवाज आला तर थर लाकडापासून सुटलाय. हे गावातल्या पॉलिशवाल्याचं काम नाही. सेट सुटा करून, प्रत्येक पाय पुन्हा खरादावर चढवावा लागतो, म्हणजे संखेड्याला न्यायचं. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास, पण खर्च प्रवासाचा नसतो, सुटं करून परत जोडण्याचा असतो. तिथल्या काही खराद्यांकडे असं काम घेतात, काही जण नवं घ्या म्हणतात.

सांध्यांची तपासणी सोपी आहे. प्रत्येक उभी कातीव दांडी चिमटीत धरून तिच्या अक्षाभोवती फिरवून बघा. फिरली तर तिचं गोल कुसू भोकात सैल आहे. लाकूड आडव्या दिशेला सगळीकडे सारखं आकसत नाही, त्यामुळे गोल कुसू वर्षांनी अंडाकृती होतं आणि भोकाला दोनच बाजूंनी टेकतं. एखाद-दोन दांड्या फिरल्या तर चालतं. अर्ध्याहून जास्त फिरत असतील तर सोफ्यावर दोन माणसं बसल्यावर तो डोलणार.

घरी आणताना उन्हात तापलेल्या टेम्पोत नको. लाख साधारण ६५ ते ७० अंशांना मऊ पडू लागते आणि मे महिन्यात बंद टेम्पोच्या पत्र्याला चटके बसतात. पायांना प्लास्टिक गुंडाळू नका, जुनं सुती कापड घ्या.

कोठीरोड_कर

खुर्च्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

सहाच्या सहा तपासा, विक्रेता चांगल्या दोन पुढे ठेवतो. खुर्ची सपाट फरशीवर ठेवून बैठकीच्या पुढच्या कडेवर गुडघा टेकवा आणि पाठीचा वरचा भाग मागे-पुढे करा. डोळा मागच्या पायाच्या आणि बैठकीच्या पट्टीच्या सांध्यावर हवा, सगळा ताण तिथेच येतो. सांधा तोंड उघडत असेल आणि आत नुसता सुकलेला सरस असेल तर खुर्ची वाचते. त्याच सांध्यातून खिळा ठोकलेला असेल तर कुसू बहुधा चिरलेलं असतं. आत एम-सील भरलेलं असेल तर सांधा न तोडता उघडता येत नाही. खालून लोखंडी एल पट्ट्या मारल्या असतील तर त्या काढल्यावर काय उरतं ते आधी कळायला हवं.

वेताची जाळी तुटली असली तरी घाबरू नका, ती बदलण्याचीच वस्तू आहे. चौकट बघा. हाताने विणलेल्या जाळीसाठी चौकटीला ओळीने भोकं असतात, आणि टपालाच्या तिकिटासारखी ती त्याच ओळीवर फाटते. पुढच्या पट्टीवर भोकाभोकांना जोडणारी चीर दिसली तर नवी जाळी ताणल्याबरोबर पट्टी तुटेल. भोकांऐवजी खाच असेल आणि जाळी वेताच्या पट्टीने खाचेत दाबून बसवली असेल तर ती तयार जाळी, बदलायला सोपी आणि स्वस्त. वेत खरा की प्लास्टिक हे बघायला जाळीला खालून ओलं बोट लावा: खरा वेत पाणी पितो आणि गडद होतो.

आणि सांध्यांत काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. पलंगात असतात तसे खुर्चीच्या जाळीच्या भोकांतही असतात. याबद्दल कोणी बोलत नाही, पण उधईपेक्षा हाच पाहुणा लवकर घरी येतो.

वाडीकर

पटाशीभाई, खरादबेन, कोठीरोडकर, सगळ्यांचे आभार. झोपाळ्याचं कोणी सांगेल का? घरी फ्लॅट आहे, आरसीसी स्लॅब. शिवाय मोठ्या बहिणीला अमेरिकेत एक शिसवी चौरंग न्यायचाय, तोही तिथेच आहे, शंभर वर्षांचा म्हणतात. आणि ओलावा मोजायचं सुईवालं मीटर एकाकडून मिळतंय, नेऊ का?

हिंदोळा_बडोदे

झोपाळ्यात फळी आणि कड्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन्हींचा भाव वेगळा विचारा.

कोरडा साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो. तुमच्या मापाची फळी १.२५ घनफूट, म्हणजे २३ किलोच्या आसपास हवी. वजनकाटा मिळाला तर करून बघा. फळी सतरा-अठरा किलो भरली तर आतून पोकळ आहे किंवा जाडी मध्यभागी कमी आहे. वजनावरून साग की आंबा हे कळणार नाही, दोन्ही जवळपास सारखेच. शिसवी मात्र घनफुटाला २३-२४ किलोपर्यंत जाते.

फळी उलटी करा. दोन फूट रुंदीची अखंड फळी क्वचित असते, बहुधा दोन-तीन जोडलेल्या असतात आणि खालून आडव्या पट्ट्या मारलेल्या. पट्ट्यांचे स्क्रू गोल भोकात घट्ट असतील तर फळी चिरणारच. एवढ्या रुंदीचा साग उन्हाळा ते पावसाळा तीन-चार मिलिमीटर फुगतो आणि आकसतो, त्याला सरकायला जागा हवी, म्हणून स्क्रूची भोकं लांबट असावी लागतात. मधल्या जोडातली चीर परत चिकटवता येते. कड्यांच्या चार भोकांपासून फळीच्या टोकाकडे गेलेली चीर मात्र नको, माणसाचं सगळं वजन तिथेच लटकतं. ती दिसली तर फळी टेबलासाठी घ्या, झोपाळ्यासाठी नाही.

कड्यांना लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड, वरून पितळेचा मुलामा. पण काही जुन्या पितळी कड्यांत टोकाचे आकडे मुद्दाम लोखंडी असतात, ते चालतं. एका कडीत दुसरी अडकते त्या वळणावर झीज मोजा. सळी मुळात १२ मिलिमीटरची आणि वळणावर ८ उरली असेल तर चार मिलिमीटरच गेले असं वाटतं, प्रत्यक्षात कापाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालंय. तेवढीच कडी बदलून मिळते. मोर-हत्तीच्या नक्षीची कडी बहुधा शोभेची नसते, साखळीतला दुवा असते, तिच्या डोक्यावरचं छिद्रही मोजा.

फ्लॅटमध्ये: जुन्या वाड्यात आकडा लाकडी तुळईतून आरपार जाऊन वर चकती-नटने बांधलेला असतो. स्लॅबमध्ये ठोकायच्या अँकरवर झोपाळा टांगू नका. हलणारं वजन त्यांना हळूहळू सैल करतं, आणि सैल होताना दिसत नाही. एकतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून बीममध्ये आरपार बोल्ट, नाहीतर जमिनीवर उभी राहणारी चौकट.

सयाजीगंज_०७

चौरंगाबद्दल. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. मध्यस्थाच्या "शंभर वर्षं" या जाहिरातीचा उलटा परिणाम इथे होतो. वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, ते आधी घ्यायला लावा. शिवाय शिसवीची संपूर्ण प्रजाती २०१७ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, तेव्हा कुरिअरवाला विचारेल त्याआधी लाकूड कोणतं ते नक्की करा.

वयाच्या दाव्याबद्दल एक युक्ती. चौरंगाचे पाय खरादी असतील तर एकाच जागी व्यास व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) दोन दिशांनी मोजा. खरादावरून उतरताना पाय गोल असतो, वर्षांनी एका दिशेला जास्त आकसतो. कालच कातलेला पाय दोन्हीकडे सारखा भरतो. जुन्यात अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक मिळतो. जुन्या तुळयांच्या लाकडातून आज कातलेले "अँटिक" चौरंग यात पकडले जातात. तळाशी अधिकच्या चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असले तर ते १९३० च्या दशकाआधीचे नाहीत, पण स्क्रू कधीही बदलता येतो, त्यामुळे एकट्या स्क्रूवर निकाल देऊ नका. आजूबाजूला जुन्या स्क्रूची रिकामी भोकं आहेत का ते बघा.

रंधा_पटाशी

मीटर न्या, पण आकडा कसा वाचायचा ते ठरवून न्या. आपल्याकडे घरातलं लाकूड कोरड्या दिवसांत ८ ते १२ टक्क्यांवर असतं, पावसाळ्यात १४-१५ पर्यंत चढतं. महत्त्व फरकाला द्या: कपाटाच्या पायाशी आणि डोक्याशी तीनेक टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर खालून ओल येतेय. २० च्या पुढचा आकडा म्हणजे बुरशी लागण्याची हद्द. सुया पॉलिशच्या बाजूला खुपसू नका, तळाशी किंवा पाठीला. आणि खिळ्याजवळ मोजू नका, धातूमुळे आकडा खोटा येतो.

घेतलंत आणि पावडर किड्याची शंका असेल तर उपाय असा. एक लिटर कोमट पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड विरघळवा. पॉलिश नसलेल्या सगळ्या बाजूंना ब्रशने दोन-तीन हात, मध्ये एक दिवस वाळवून. भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने. पॉलिश केलेल्या बाजूवर लावून उपयोग नाही, द्रावण आत जात नाही. हातमोजे घाला, लहान मुलांपासून लांब ठेवा. मग भोकांभोवती खडूने गोल करून ठेवा आणि पुढचा उन्हाळा-पावसाळा लक्ष द्या. गोलाबाहेर नवं भोक आलं तर पुन्हा. संखेड्यावर हे करू नका, पाण्याचं द्रावण आहे.

ऑइलपेंट मारलेलं काही घेणार असाल, पाळणा वगैरे, तर घरात घासू नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून आहे, त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही.

दीड तासात क्रम असा ठेवा: संखेड्याचे पाय, कपाटाची पाठ, झोपाळ्याची भोकं. या तिन्हींत परत फिरायचं कारण मिळू शकतं. खुर्च्या शेवटी.

वाडीकर

कपाट दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आणि वळणाचा. उतरेल का?

कोठीरोड_कर

जुनी कपाटं बहुधा सुटी होतात. डोक्यावरची नक्षीची पट्टी नुसती वर ठेवलेली किंवा दोन खुंट्यांवर असते, ती आधी उचलून बघा. बाजूच्या फळ्यांवर वर-खाली पाचरी दिसल्या तर त्या बाहेरच्या बाजूने ठोकून निघतात. हातोडी थेट मारू नका, मध्ये लाकडाचा तुकडा धरा. दारं बिजागरीच्या कडीतून वर उचलून निघतात का ते पाहा, नाहीतर स्क्रू काढा आणि प्रत्येक बिजागरीचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवा, भोकांची मापं वेगवेगळी असतात. सुटं करण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना आतून पेन्सिलने तोच आकडा घाला. सरसाने पक्कं जोडलेलं असेल आणि सुटत नसेल तर जिन्याच्या वळणाचा कर्ण मोजा, आणि बाहेरून दोराने उतरवायचा खर्च कपाटाच्या भावातून वजा करायला मालकांना सांगा.